चांदीवरची वाफ

१

हौसेला मोल नसतं म्हणतात. लिओनी ट्रेवास्किसच्या हौसेला वीस-बावीस वर्षं खरोखरच नव्हतं. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत, वाळू भरलेल्या कातडी उशीवर चमचा टेकवून ती पोलादी कोरणीनं त्यावर फुलं काढायची. काळ्या डोळ्याचं लालभडक रानफूल, निलगिरीची पानं, लहर लागली तर एखादा काकाकुवा. रविवारी दुपारी बसायचं आणि मनासारखं झालं की कुणाला तरी देऊन टाकायचं. ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल ह्या खाणीच्या गावात निम्म्या घरांत चहातली साखर लिओनीच्या चमच्यानं ढवळली जायची, आणि एकाही चमच्याचे तिनं पैसे घेतले नव्हते.

हौसेच्या त्या काळात अक्षरं तिनं एकदाच कोरली. मुलगी झाली तेव्हा नामकरणासाठी आणलेल्या चांदीच्या मगावर, मुलीचं नाव, मेरिन. हात नवशिका होता. अक्षरं तिरकी आली आणि शेवटचं तर ओळ सोडून खाली घसरलं. क्लेम, म्हणजे तिचा नवरा, तो मग उलटसुलट करून म्हणाला होता, "शेवटपर्यंत पोचेस्तोवर दमलं बिचारं." हा विनोद त्या घरात पुढं वर्षानुवर्षं चालला. मेरिन मोठी झाली, नर्स होऊन ॲडलेडला गेली, दर रविवारी जेवणं झाली की फोन करू लागली. चांदीचा तो मग मात्र पत्र्याच्या खोलीतच राहिला. लिओनी त्यात कोरण्या उभ्या ठेवायची, आणि पुसायला वेळ न मिळून तो बुटासारखा काळा पडला होता.

वेळ मिळेना, कारण हौसेचा धंदा झाला होता. क्लेमनं तीस वर्षं खाणीत काढली आणि खाणीनं त्याच्या छातीत धूळ भरून त्याला घरी पाठवलं. फाटकापर्यंत जाऊन आला तरी तो खुर्चीचे हात धरून बसे, आणि त्याच्या श्वासाची शिट्टी लिओनीला मागच्या खोलीपर्यंत ऐकू येई. घर विकून ॲडलेडला जावं असं मेरिनचं म्हणणं. क्लेम म्हणे, "मला ह्याच पत्र्याखाली मरू दे. तिथल्या समुद्राच्या हवेनं मी बरा झालो तर पंचाईत व्हायची." तेव्हा लिओनीनं फाटकावर 'चांदीवर कोरून मिळेल' अशी पाटी लावली.

धंद्यात फुलं कुणी मागत नाही, नावं मागतात. आणि ह्या गावात ट्रेवास्किस, पेंगेली असली नावं, शेजारी शेजारी राहणारे दोन भाऊसुद्धा वेगवेगळी लिहितात. म्हणून लिओनीनं एक वाक्य तयार केलं होतं. कुणीही आलं की पेन्सिल टेकवून, गोड आवाजात, "नावाची अक्षरं एकेक करून सांगता का?" क्लेम ह्या आवाजाची टिंगल करायचा. "आला, दुकानाचा आवाज आला. आता मीसुद्धा माझं नाव सांगू का, बाई?"

पण नाव घालण्यापेक्षा नाव काढायला जास्त लोक येतात, हे तिला धंद्यानंच शिकवलं. आजोबांचा मग नातवाला द्यायचा असतो, जुना करंडक नव्या विजेत्याला. आतून हलके ठोके देऊन चांदी वर आणायची, बाहेरून खरवडायची, झिलई करायची. ह्या कामाचा तिचा एक नियम होता. वस्तू उलटी धरायची आणि शेवटच्या अक्षरापासून सुरुवात करायची. नाव वाचलं की हात अडखळतो. न वाचता भराभर होतं.

२

खोड फक्त एकच. चांदीवरून नाव कितीही घासून काढा, तोंड जवळ नेऊन हलकेच 'हा' केलं की वाफेत ते जुनं नाव क्षणभर उमटतं. कोरणीनं दाबलेली चांदी आतून दबलेलीच राहते, एवढंच त्यामागचं कारण. वाफ उडाली की नावही जातं. गिऱ्हाइकांना लिओनी हे सांगत नसे.

डॅफ आंटी पेंगेली आपल्या भावाचा मग घेऊन आल्या त्याला आता वर्ष होत आलं होतं. वय ऐंशीच्या घरात, जीभ विशीतली.

"हेडलीचं नाव काढ आणि माझ्या पणतीचं घाल. हेडली सहा वर्षांचा असताना गेला. पाण्याच्या टाकीत पडला. मी काठावर उभी होते, पोरी. त्याची टोपी माझ्या हातात राहिली." आंटींनी डोळे पुसले आणि त्याच रुमालानं मगही पुसला. "सत्तर वर्षं हा मग नुसता बघत बसलेय. आता कुणीतरी त्यातून दूध प्यावं."

लिओनीनं नाव काढलं. झिलई करून मग फळीवर ठेवला, हात धुऊन वळली, तर मगाच्या पोटावर वाफेचा एक गोल होता. ओठांएवढा, त्याहूनही जरा लहान. त्यात हेडलीचं नाव स्पष्ट दिसत होतं. बघता बघता कडेनं आटत तो गोल नाहीसा झाला. किटलीची वाफ असणार, असं तिनं ठरवलं. किटली गार होती. मग दुसरं काहीतरी असणार.

आंटी मग न्यायला आल्या तेव्हा खूश झाल्या. लिओनी म्हणाली, "हेडलीलाही आवडलं असतं."

"कोण हेडली?"

"तुमचे भाऊ, आंटी. टाकीत..."

"मला कुठला भाऊ? आम्ही तिघी बहिणी." त्या हसल्या. "क्लेमची धूळ तुझ्या डोक्यात गेली की काय?"

म्हातारं माणूस, विसरायचंच. लिओनीनं मनाची समजूत घातली. समजूत घालायला तिला फार वेळ लागला नाही, कारण बाकावर आणखी चार नग पडले होते.

३

दुसऱ्या वेळी समजूत घालणं जड गेलं. ऱ्होंडा नावाच्या एका बाईनं लग्नात मिळालेला चांदीचा ट्रे आणला होता. त्यावर दोन नावं होती. "केव्हिनचं काढ. घटस्फोट झालाय, आता जेवण वाढतानाही त्याचं तोंड कशाला बघू?" लिओनीनं केव्हिनचं नाव काढून तिथं एक पान कोरून दिलं.

पंधरवड्यानं केव्हिन स्वतः दारात उभा राहिला. अंगापिंडानं दांडगा, ट्रक चालवणारा माणूस, पण टोपी पिळत होता.

"लिओनी, तू तिच्याशी बोललीस ना? ऱ्होंडा माझ्यावर काय डाव टाकतेय?"

"मला काय माहीत, केव्ह? झालं काय?"

"माझं सामान आणायला गेलो. तिनं दार उघडलं आणि विचारलं, कोण हवंय आपल्याला? असं... सभ्यपणे. आयुष्यात ती माझ्याशी सभ्यपणे बोललेली नाही!"

"नाटक करत असेल. राग आहे रे तिला."

"राग मला ओळखता येतो. अकरा वर्षं खाल्लाय." त्यानं टोपी डोक्यावर चढवली आणि पुन्हा काढली. "कुत्रा धावत आला, माझ्या अंगावर उड्या मारायला लागला. आणि ती कुत्र्याला म्हणते, अरे, अनोळखी माणसाच्या अंगावर जाऊ नये."

तो गेल्यावर लिओनी बाकाशी येऊन बसली. चांदी म्हणजे चांदी. माणसाच्या डोक्याशी तिचा काय संबंध? ज्यांचं माणूस, तेच विसरले. तिला स्वतःला तर हेडलीही आठवत होता आणि केव्हिनही. म्हणजे योगायोग. पण त्या रात्री तिनं जेवताना क्लेमला सांगून टाकलं की नावं पुसायचं काम बंद. क्लेमनं कारण विचारलं नाही. तो म्हणाला, "मग फुलं काढ. तुझा चेहरा फुलं काढताना बरा दिसतो."

४

बंद केलं ते महिनाभर टिकलं. मग बोल्सचा, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळाचा, जो क्लब होता त्याचा सेक्रेटरी जुन्या चषकांचं खोकं घेऊन आला. पुसायचं काम करत नाही म्हटल्यावर तो हसायलाच लागला.

"अगं, हे जिंकणारे मरूनही जमाना झाला. त्यांची पोरंबाळंसुद्धा ह्या गावात नाहीत. कुणाचं काय जाणार?" मग जरा हळू आवाजात, "हे बघ, तू नाही म्हणालीस तर मला ॲडलेडला पाठवावं लागेल. आणि एकदा तिकडं गेलं की वर्षाचं सगळं काम तिकडंच जाईल."

त्या क्लबाच्या कामावरच घर चाललं होतं. आतल्या खोलीत क्लेम खोकत होता. अडला हरी गाढवाचे पाय धरी. लिओनीनं खोकं ठेवून घेतलं. सोमवारी बक्षीस समारंभ होता, म्हणून रविवारी बसावं लागलं.

जेवणं होत होती तेवढ्यात पश्चिमेकडून धुळीची भिंत आली. भरदुपारी उजेड विटेच्या रंगाचा झाला. लिओनी दारांच्या फटीत ओले टॉवेल कोंबत घरभर फिरत होती आणि पत्र्यावर धूळ सरसरत होती. क्लेम मागच्या खोलीत आला. असल्या हवेत एकट्यानं बसलं की त्याला छाती आवळल्यासारखं होई.

"बायकोच्या दुकानात बिनपगारी नोकर," तो म्हणाला. "बाक आवरून ठेवलाय. आता एकेक नग हातात देतो."

तो देत होता, ती घेत होती. उलटं धरायचं, शेवटचं अक्षर, मग त्याच्या आधीचं. दिव्याभोवती तांबडा धुरळा फिरत होता. हात असा चालला होता की लिओनीला स्वतःचाच अभिमान वाटला. आठवा की नववा नग तिनं उशीवर टेकवला. चषकापेक्षा लहान, काळाकुट्ट. शेवटचं अक्षर ओळीतून खाली घसरलेलं.

"हे बघ काम! कुण्या हौशी माणसानं कोरलंय. ओळसुद्धा आखली नाही."

"शेवटपर्यंत पोचेस्तोवर दमलं बिचारं," क्लेम म्हणाला.

दोघंही हसली. लिओनीला वाटलं, हा विनोद आपण आधी कुठंतरी ऐकलाय. तोवर ते अक्षर गेलं होतं. तिनं पुढचं धरलं.

५

सगळी नावं निघाली. आता नवी घालायला बारीक कोरणी हवी म्हणून तिनं न बघताच हात पुढं केला, नेहमीच्या जागी. तिथं जॅमची बरणी होती आणि कोरण्या बरणीत होत्या.

"क्लेम, मग कुठाय? कोरण्यांचा?"

"तो काळा? खोक्यात टाकला. क्लबाचाच ना तो?"

लिओनीनं बाकावर नजर फिरवली. बाकावर ओळीनं नऊ नग उभे होते, सगळे लखलखीत, सगळे कोरे. तिनं लहान तेवढे पुढं ओढले. एकावर 'हा' केलं, कुणा मेलेल्या माणसाचं नाव आलं. दुसऱ्यावर केलं. तिसऱ्यावर वाफ धरली आणि त्यात तिरकी अक्षरं उमटली, शेवटचं घसरलेलं. तिनं ते नाव वाचलं. वाफ उडाली आणि वाचलेलंही उडालं.

"क्लेम," ती म्हणाली. "आपल्या मुलीचं नाव काय?"

"आता हे काय!" तो हसला. सांगायला त्यानं तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. कपाळावर आठ्या आल्या. मग तो अगदी साधेपणानं म्हणाला, "आपल्याला मुलगी आहे?"

तिला अजून आठवत होतं. फाटकावर झोके घेताना पडून फुटलेला गुडघा. पेस्टीची, त्या मांस भरलेल्या कानवल्याची, कडा कुरतडून ताटात ठेवायची सवय. रविवारचा फोन. सगळं होतं, पण खिळा निघालेल्या भिंतीवरच्या तसबिरींसारखं एकेक घसरत होतं. गुडघा कुणाचा होता? ती धावत बाकाशी गेली. पुन्हा कोरायचं. पुसलंय ते पुन्हा कोरायचं, दुसरं काय! पण वाफ दोन क्षण टिकत होती. तोंड मगाला लावून वाफ सोडायची आणि मान वर घेऊन कोरणी टेकवायची, तेवढ्यात अक्षर निघून जाई. धुळीच्या त्या कोरड्या हवेत चांदी वाफ धरतच नव्हती.

"इकडं ये. बस इथं. मी मग धरते, तू ह्याच्यावर श्वास सोड. जोरात नको, तोंड उघडून. हा, असा."

"लिओनी, मला आधीच..."

"माहीत आहे रे मला! पाया पडते तुझ्या. मला दोन्ही हात लागणार आहेत."

क्लेमनं वाद घातला नाही. तो स्टुलावर बसला, पुढं वाकला आणि 'हा' केलं. सावली उमटली. लिओनीनं कोरणी लावली, अर्धी रेघ. पुन्हा 'हा'. दुसरी अर्धी. एम झाला. प्रत्येक श्वास तो खोल विहिरीतून पोहरा ओढावा तसा वर आणत होता आणि मगावर ओतून टाकत होता. ई झाला. त्याचे ओठ निळसर दिसायला लागले. तिनं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

"कुणासाठी करतोय... तेवढं तरी सांग," तो म्हणाला.

"एक आहे. तिच्या गुडघ्यावर..." लिओनी थांबली. पुढचं वाक्य नव्हतं. "श्वास सोड, क्लेम. फक्त श्वास सोड."

आर झाला. पुढच्या श्वासाला त्याची शिट्टी मधेच तुटली. तो स्टुलावरून घसरला, बाकाला पाठ लावून जमिनीवर बसला, आणि खोकला थांबेना. चेहरा राखेसारखा झाला. तशातही त्यानं एक बोट वर केलं. अजून एक करतो.

लिओनीनं मगाकडं पाहिलं. नंतर त्याच्याकडं पाहिलं. एक माणूस समोर गुदमरत होतं, तिचं स्वतःचं, छत्तीस वर्षांचं. दुसरं कोण होतं ते तिला आता सांगता येत नव्हतं. तिनं कोरणी ठेवली, खाली बसून त्याचं डोकं छातीशी धरलं आणि हमसून हमसून रडायला लागली. कशासाठी रडतो आहोत हे रडता रडताच तिच्या हातून निसटत होतं, आणि म्हणून ती आणखी रडत होती.

६

वादळ निवळलं. क्लेमला तिनं आरामखुर्चीत टेकवलं, कोमट चहा पाजला. त्याला झोप लागली. शिट्टी बारीक, पण एका लयीत चालू होती. हायसं वाटून लिओनीनं तोंड धुतलं आणि उरलेलं काम बघायला बाकाशी आली.

वाळूच्या उशीवर एक लहान मग होता. त्यावर तीन अक्षरं, ताजी कोरलेली, पुढं काही नाही. कुणाची ऑर्डर ही? आणि अर्धीच का सोडली?

तेवढ्यात मगावर वाफ धरली.

क्लेम दूर खुर्चीत होता. तिनं स्वतः तर श्वास रोखूनच धरला होता. तरी चांदीवर एक गोल पसरला, मोठ्या माणसाच्या तोंडाएवढा, आणि त्यात तिरकं नाव उमटलं, अखेरच्या घसरलेल्या अक्षरासकट. तो विरायच्या आत त्याच जागी दुसरा श्वास आला. मग तिसरा. घाईघाईनं, जिवाच्या आकांतानं, एकावर एक. मगाच्या गोलाईत खोली वाकडी होऊन दिसत होती. तिथं दिवा होता, लिओनीचा चेहरा होता, आणि तिच्या खांद्याला जवळजवळ टेकून आणखी एक चेहरा होता, वासलेल्या तोंडाचा. तिनं झटकन मागं पाहिलं. ओले टॉवेल आणि बंद दार.

धूळ, दमणूक, रडून सुजलेले डोळे. कारणं हवी तेवढी होती. मग तिला त्या डागाचा रागच आला. गिऱ्हाइकाची वस्तू स्वच्छ असावी. तिनं कापड घेऊन वाफ पुसली. ती पुन्हा आली. लिओनीनं अंगठ्यानं दाबून, गोल गोल फिरवत पुसलं. ह्या वेळी ती फिकट आली, अगदी कडेला. तिनं तीही पुसली. त्यानंतर काही आलं नाही.

घरातल्या बोळातला फोन वाजायला लागला. क्लेम जागा होऊ नये म्हणून ती धावली.

"मम?" बाईचा आवाज होता, धाप लागलेला. "मम, किती वेळ झाला, मी हाका मारतेय! ऐकू येतंय ना तुला? डॅड कसे आहेत? मम, मी मेरिन."

लिओनीनं मान आणि खांद्यात रिसीव्हर धरला, फोनशेजारी दोरीला बांधलेली पेन्सिल घेतली आणि कागद पुढं ओढला.

"हो, हो," ती दुकानाच्या गोड आवाजात म्हणाली. "नावाची अक्षरं एकेक करून सांगता का?"

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. लिओनी पेन्सिल टेकवून थांबली. गिऱ्हाइकाला कधी घाई करायची नाही.